शून्य तोफांचं मानपत्र

आमच्या कार्यालयात जगभरच्या शस्त्रांची नोंद होते. कोणत्या देशाने कोणाला किती रणगाडे, तोफा, विमानं विकली आणि कोणी ती घेतली, हे दरवर्षी प्रत्येक देशाने स्वखुशीने आम्हाला कळवायचं असतं. विकणारा त्याचा आकडा कळवतो, घेणारा त्याचा, आणि आम्ही दोन्ही शेजारी शेजारी मांडतो. त्यामुळे देशादेशांतला संशय कमी होतो, असं आमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलंय. ते पान मीच लिहिलेलं असल्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला बरोबर ठाऊक आहे.

दोन्ही आकडे जुळले तर काही प्रश्न नसतो. पण ते जुळायला दोघांनाही लाज असावी लागते. विकणारा म्हणतो चाळीस रणगाडे पाठवले, घेणारा म्हणतो आमच्याकडे एकही पोचला नाही, जणू मधल्या वाटेत ते चहा प्यायला उतरले आणि तिथेच रमले. मग आम्ही दोघांना एक सौजन्यपत्र धाडतो. त्यात ‘खुलासा’ हा शब्द वापरायला बंदी आहे, ‘संवाद’ म्हणायचं. उत्तर आलं नाही की दोनपैकी लहान आकडा यादीत धरायचा, ही आमच्या साहेबांनी घालून दिलेली रीत. मोठा धरला तर कोणीतरी खोटं बोलतंय असं सुचवल्यासारखं होतं, आणि साहेबांच्या मते कुठलाही देश खोटं बोलत नाही. त्याची माहिती अपूर्ण असते.

साहेबांना आम्ही मागून सौजन्यमूर्ती म्हणतो. त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी त्यांना आवडेल, म्हणून मागून म्हणतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं नाव तळटीप. अडचणीचं जे काही असेल ते पानाच्या तळाला, भिंग लागेल अशा अक्षरांत नेऊन ठेवायचं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

आणखी एक नियम सांगून ठेवतो. ज्या बड्या लोकांना फॉर्म भरायचा कंटाळा येतो त्यांच्या सोयीसाठी, देशाच्या अधिकृत प्रतिनिधीने आमच्या सभागृहातल्या व्यासपीठावरून जे सांगितलं ते इतिवृत्तात घ्यायचं आणि तीच नोंद समजायची. लिहायचे कष्ट नकोत, नुसतं बोला. आजवर या नियमाचा फायदा घेऊन सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं की आम्ही काही घेतलं नाही, काही दिलं नाही आणि आमचं शांततेवर प्रेम आहे.

त्या वर्षीचा पारदर्शकता पुरस्कार एका देशाला जाहीर झाला. सगळ्यात आधी फॉर्म पाठवणाऱ्याला तो मिळतो, आणि सगळ्यात आधी फॉर्म अर्थातच तो पाठवतो ज्याने सगळ्या रकान्यांत शून्य लिहिलेलं असतं. शून्य लिहायला वेळ लागत नाही. या देशाने लांब पल्ल्याच्या तोफांपुढेही शून्य लिहिलं होतं. विकणाऱ्या देशाने मात्र चोवीस तोफा पाठवल्याचं कळवलं होतं. तो देश तोफा विकण्याची लाज कधीच कोळून प्यालाय, त्यामुळे निदान मोजून सांगतो. सौजन्यपत्रं गेली. विकणाऱ्याने कळवलं की माल जहाजावर चढला, पुढचं आम्हाला माहीत नाही. घेणाऱ्याने काहीच कळवलं नाही. यादीत शून्य लागलं, आणि तळटीपने खाली एक मुंगीएवढी ओळ टाकली: ‘किरकोळ तफावत आढळली.’

ती किरकोळ तफावत माझ्या ताईच्या डोक्यावर पडत होती.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तिनेच शिकवलं, आणि कधीमधी तिनेच बदडलं. लग्न होऊन ती ज्या गावी गेली तिथल्या दवाखान्यात ती मुख्य नर्स आहे. गावामागे डोंगर, डोंगरापलीकडे सीमा, आणि सीमेपलीकडे आमचा पुरस्कारविजेता देश. त्याचं म्हणणं, सीमेवर थोडी कुरबुर चाललीय. त्या कुरबुरीचे गोळे डोंगर ओलांडून गावात पडत होते.

चालणारं गाव केव्हाच निघून गेलं होतं. दवाखान्यात उरले होते न चालणारे, म्हणजे पाय प्लास्टरमध्ये असलेले, म्हातारे आणि नुकत्याच बाळंत झालेल्या. त्यांच्यासाठी ताई थांबली, आणि ताईसाठी दवाखान्याची स्वयंपाकीण थांबली. त्यांना सगळे मावशी म्हणत. ताईचा फोन आला की मागून मावशींचा आवाज यायचाच. कोणी पेज अर्धी टाकली म्हणून त्या करवादत असायच्या. गोळे पडताहेत म्हणून काय उपाशी राहायचं का, हा त्यांचा सवाल असायचा.

त्यांना बाहेर काढायला बसेस हव्या होत्या. बसेस आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या मदतसंस्थेकडे होत्या. तिथे नकाशेवाल्या बाई बसतात. बसेस थोड्या, डिझेल त्याहून थोडं, तेव्हा कुठल्या गावाला आधी पाठवायच्या याला काहीतरी निकष हवा. निकष असा ठरला होता की आमच्या यादीत ज्या तोफा आहेत त्यांच्या पल्ल्याचं वर्तुळ नकाशावर काढायचं, वर्तुळाच्या आतलं गाव धोक्यात, बाहेरचं सुरक्षित. कार्यालयाच्या यादीवर भरवसा ठेवण्याची चूक दुसऱ्या कोणी केली नसती. ती आमच्याच वरच्या मजल्यावर केली गेली.

मी वर गेलो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नकाशा उलगडून दाखवला. पुरस्कारविजेत्या देशाच्या जुन्या तोफांचं वर्तुळ डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबत होतं, आणि ताईचं गाव त्याच्या बाहेर होतं, आरामात.

“तिथे गोळे पडताहेत,” मी म्हणालो. “माझी बहीण आहे तिथे.”

“मी खोटं म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्याच यादीत शून्य आहे. मी कंपास कुठे टेकवू? तोफ आणा, लगेच वर्तुळ काढते.”

ताईला फोनवर हे कसं सांगायचं मला कळेना. शेवटी सांगून टाकलं. ती म्हणाली, “म्हणजे आम्ही इथे सुरक्षित आहोत होय? बरं झालं सांगितलंस. खिडक्यांना एकही काच उरली नाहीये, मला उगाच वाटत होतं.”

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात, कारण ऐकल्यावर काही करायचं नसतं. बहीण तिथे असल्यामुळे या बाबतीत माझा दृष्टिकोन भावनिक झाला असावा, असं त्यांनी सुचवलं. मी म्हणालो, गोळ्यांचा दृष्टिकोन काय आहे ते बघायचं का? त्यांनी मला पाणी देवविलं आणि मानपत्र कुठवर आलं ते विचारलं.

पुरस्काराबरोबर मानपत्र द्यायचं असतं आणि ते मी लिहितो. साहेब ते समारंभात वाचतात. आधी कधीच वाचत नाहीत. खरं तर व्यासपीठावरही वाचत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष आवाजाच्या चढउतारावर आणि पहिल्या रांगेवर असतं. एकदा मी एका देशाचं मानपत्र चुकून दुसऱ्याच्या फायलीत घातलं होतं, तर त्यांनी बेटावर वसलेल्या देशाच्या अभेद्य पर्वतरांगांचं कौतुक करून टाकलं आणि बेटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

समारंभाच्या आधी तयारी बघायला त्या देशाचा कर्नल आला. हाच त्यांचा अधिकृत लष्करी प्रतिनिधी. माणूस रुंद, मिशी त्याहून रुंद, आणि छातीवर इतकी पदकं की बिचाऱ्याने एकही युद्ध चुकवलं नसेल असं वाटावं; मात्र माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या देशाने कुठलंच युद्ध केलेलं नाही, त्यांच्याकडे फक्त कुरबुरी होतात. साहेबांच्या केबिनमध्ये एक काचेचं कपाट आहे. आलेले पाहुणे लहान लहान रणगाडे, जहाजं, विमानं भेट देतात आणि साहेब ती मऊ फडक्याने स्वतः पुसतात. कर्नलने खोका उघडला आणि टेबलावर पितळी तोफ ठेवली.

मी मानपत्राचा मजकूर किती ओळींचा हवा ते विचारायला म्हणून आत उभा होतो. ती तोफ मी लगेच ओळखली. विकणाऱ्या देशाच्या पत्रासोबत चित्र होतं. तीच लांब नळी, तेच पुढचं जाळीदार तोंड.

कर्नलला राहवत नव्हतं. नळी मापात आहे बघा, म्हणाला. आमच्या रेजिमेंटच्या कारागिरांनी खरी तोफ समोर ठेवून घडवलीय. बैठकीवर रेजिमेंटचं नावसुद्धा कोरलं होतं. साहेबांनी तोफेची तोंडभरून स्तुती केली, तिला कपाटात दर्शनी जागा दिली आणि एका देशाचं जहाज मागे सरकवलं.

तो गेल्यावर मी म्हणालो, “साहेब, ही तीच तोफ आहे, यांच्या फॉर्ममध्ये शून्य असलेली.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “भेटवस्तू ही भेटवस्तू असते,” ते म्हणाले. “ती आपण नोंद म्हणून वापरली तर उद्या आपल्याला कोण भेट देईल?”

संताप इतका झाला की मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. तिथे तळटीप सिगारेट ओढत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हवं तर तो जरा मोठ्या अक्षरांत टीप टाकेल. मी त्याच्याकडे बघतच राहिलो, पण बघता बघता मला कर्नलचा चेहरा आठवायला लागला. ती नळी दाखवताना तो जसा फुलला होता तसा. त्या माणसाला गुपित ठेवायला सांगितलं होतं, आणि फुशारकी मारू नकोस असं सांगायला वरचे विसरले होते. या लोकांना वाटतं दोन्ही एकच.

मी टेबलाशी जाऊन मानपत्र लिहायला बसलो. आयुष्यात इतक्या प्रेमाने मी काही लिहिलं नसेल.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शेजारी देशांचे लष्करी प्रतिनिधी, दुसऱ्या रांगेत विकणाऱ्या देशाचा माणूस, कडेला नकाशेवाल्या बाई. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. इतिवृत्त लिहून घेणारी बाई व्यासपीठाखाली आपल्या जागेवर होती. साहेबांनी घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद पारदर्शकतेबद्दल होता, तो कोणी ऐकला नाही. मग साहेब लयीत आले.

“या देशाचा तोफखाना मागच्या पिढीतला आहे, याची त्याला खंत नाही. त्याच्या तोफा डोंगरापलीकडे पोचत नाहीत, याचं त्याला वैषम्य नाही. शेजारी दरवर्षी नवी सामग्री घेत असताना, आहे त्या मोडक्यातोडक्यावर समाधान मानण्याचा मोठेपणा त्याने दाखवला. अशा निरुपद्रवी सैन्याला आम्ही वंदन करतो.”

वंदन शब्दावर साहेबांनी आवाज छान कापरा केला. पहिल्या रांगेतला एक शेजारी खोकला. दुसऱ्याने रुमाल तोंडाला लावला. मग रांगभर खांदे हलायला लागले.

कर्नल मानपत्र घ्यायला उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग विटेच्या रंगाचा झाला. त्याने मानपत्र घेतलं, साहेबांशी हात मिळवला, आणि निघून जाण्याऐवजी माइकपुढे उभा राहिला.  गेला असता तर सगळं फुकट होतं.

“आमच्या सैन्याबद्दल इथे चुकीची माहिती दिली गेली,” तो म्हणाला. “आमच्याकडे जगातल्या सर्वोत्तम लांब पल्ल्याच्या तोफा आहेत. त्या डोंगरच काय, डोंगर आणि त्यापुढची नदी ओलांडतात. आणि ज्यांना हसू येतंय त्यांनी ऐकावं, चोवीस नाहीत. छत्तीस आहेत.”

चोवीस कोणी म्हटलंच नव्हतं. रांगभर हलणारे खांदे थांबले. दुसऱ्या रांगेतला विकणाऱ्या देशाचा माणूस आपल्या बुटांकडे बघायला लागला. जादा बारा तोफा त्यांच्याही फॉर्ममध्ये नव्हत्या. एवढ्या शांततेत फक्त इतिवृत्तवाल्या बाईंच्या बोटांचा आवाज येत होता. त्यांनी मान वर करून विचारलं, “छत्तीसच ना?” आणि कर्नल म्हणाला, “छत्तीस.”

नोंद झाली. साहेबांचा त्यांच्याच नियमाने गळा धरला होता. मी वळून बघितलं तेव्हा नकाशेवाल्या बाईंची खुर्ची रिकामी होती. त्या वर जाऊन कंपास टेकवायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बसेस निघाल्या. मी ताईला फोन केला. आवाज तुटत होता, पण बसेस म्हटल्यावर तिने मागे कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि मागून मावशी म्हणाल्या की बसेस केव्हाही येवोत, सगळ्यांनी जेवूनच निघायचं, प्रवासात पोट रिकामं नको. मी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो.

बसेस गावात शिरल्या त्या सकाळी दवाखान्याच्या मागच्या बाजूला गोळा पडला. मागच्या बाजूला स्वयंपाकघर होतं. पेशंट सगळे पुढच्या अंगणात रांगेत होते, त्यातलं कोणी गेलं नाही. ताई मावशींना बोलवायला बोळातून निघाली होती. तिचा डावा कान कायमचा गेला. मावशी चुलीपाशी होत्या.

यादीत शून्य किती आठवडे उभं होतं ते मी मोजलं नाही. मला मोजता येतं, पण मोजलं तर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्या कपाटाची काच मी फोडली असती, आणि मग तळटीपने त्यावर टीप टाकली असती. सौजन्य. संवाद. अपूर्ण माहिती. या शब्दांनी माणूस मरतो आणि शब्दांना त्याचं सोयरसुतक नसतं.

साहेबांना वाटलं होतं आता कर्नलचा देश रुसणार, आपली खुर्ची जाणार. चार दिवस ते कोणाला भेटले नाहीत. मग वरिष्ठांकडून पत्र आलं की एखाद्या देशाने आपणहून इतकी माहिती उघड करणं ही ऐतिहासिक घटना आहे आणि त्याचं श्रेय कार्यालयाला आहे. साहेब केबिनमधून बाहेर आले ते पाच वर्षांनी तरुण होऊन. त्यांनी स्वतःची पाठ थोपटली, माझी थोपटली, आणि उत्स्फूर्त प्रकटीकरणासाठी एक विशेष गौरव जाहीर केला. आधीचा पुरस्कार होताच, त्याच्यावर हा दुसरा. मानपत्र नेहमीप्रमाणे मी लिहायचं. कर्नलनेही निरोप पाठवला की या वेळी तोफांचं वर्णन नीट यावं.

तोवर पेशंटना शहरातल्या इस्पितळात पोचवून ताई माझ्याकडे राहायला आली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो आणि ती समोर मटार सोलत होती. ती काम करत असली की बरी असते. तिने विचारलं, काय लिहितोयस. मी सांगितलं, मानपत्र.

“कोणाला?”

मी हळू आवाजात सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. तिने मटाराचा हात थांबवला आणि उजवा कान माझ्याकडे केला, लहानपणी मी चोरून काही कबूल करायचो तेव्हा करायची तसा. मला ते मोठ्याने सांगावं लागलं. कोणाला, कशाबद्दल आणि कितव्यांदा, सगळं.

ती रागावली नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने एक शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले.

“हे वाचतो कोण?” तिने विचारलं.

“साहेब. व्यासपीठावरून.”

“आणि आधी बघत नाही?”

“कधीच नाही.”

“आणि तिथून बोललेलं सगळं लिहून घेतात, असं तूच मला सांगितलंस.”

“हो.”

ताईने मला मावशींचं पूर्ण नाव सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांना मावशी म्हणूनच ओळखत होतो. मग तिने त्यांचं वय सांगितलं, गाव सांगितलं, त्या सकाळी चुलीवर काय होतं आणि किती माणसांचं होतं ते सांगितलं. मी एकेक लिहून घेतलं आणि तोफांच्या वर्णनाच्या लगेच खाली घातलं, साहेबांचा आवाज जिथे कापरा होतो बरोबर तिथे.